माशाचा केसपेपर

गेल्या महिन्यात एक आजी स्टीलच्या जेवणाच्या डब्यात गोल्डफिश घेऊन दुकानात आल्या. रिक्षात डबा हिंदकळून साडीचा काठ ओला झालेला. मासा नातवाचा. नातू शाळेत, सून कामावर, म्हणून दवाखान्याची पाळी आजींवर.

"कालपासनं वरच तोंड करून बसलाय बघा. औषध द्या की कायतरी."

मी डब्यात डोकावले. मासा पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून हवा गिळत होता. कल्ले भराभर हलत होते आणि त्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. औषधांची फळी माझ्या पाठीमागेच आहे, पण तिकडे न वळता मी विचारलं, "टाकी कधी धुतली?"

"परवाच की. सगळं पाणी काढलं, खडे घासले, त्या फिल्टरचा स्पंजसुद्धा नळाखाली धरून पांढराशुभ्र केला. पाणी कसं आरशासारखं झालंय!"

डब्यातलं पाणी टाकीतलंच होतं. त्यातलं थोडं काचेच्या नळीत घेतलं आणि अमोनिया तपासायच्या किटचे थेंब टाकले. ते पिवळं राहायला हवं होतं. पाच मिनिटांत हिरवंगार झालं. आजी नळीकडे बघत राहिल्या. आरशासारख्या पाण्यात विष होतं, आणि ते घरच्यांनी स्वच्छतेपायी तयार केलं होतं.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे रुग्णालय काढलं, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या लांबलांबून, कर्नाटकातूनसुद्धा, पेशंट मिरजेची वाट धरत आले. अशा गावात माझं फिशटँकचं दुकान आहे. त्याआधी सहा वर्षं मी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर नाडीला हात लावायच्या आधी विचारायचे, कधीपासून? काल काय खाल्लं? घरात आणखी कुणाला होतंय? पाणी कुठलं पिता? उत्तरं केसपेपरवर लिहायचं काम माझं. पुढे दुकान टाकलं, पण ती सवय सुटली नाही. मासा दिवसभर तोंड उघडतो, बोलत मात्र काही नाही. त्यामुळे प्रश्न त्याच्या मालकाला विचारायचे. दुकानात एक लांबोडी वही आहे. टाकी किती लिटरची, मासे किती, पाणी नळाचं की बोअरचं, एकच आजारी की सगळे, आणि गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं, एवढे पाच रकाने. या पाच प्रश्नांनी जेवढे मासे वाचवलेत, तेवढे माझ्या फळीवरच्या बाटल्यांनी वाचवले नाहीत.

आजींच्या टाकीचंच बघा. मासा खातो, त्याच्या शरीरात अमोनिया तयार होतो आणि त्यातला बराचसा कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो. टाकीत त्याला खाणारे जिवाणू लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही वाईटच. ते रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि कल्ले चॉकलेटी दिसायला लागतात. नायट्रेट त्यामानानं सौम्य, पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू खड्यांवर आणि फिल्टरच्या त्या मळकट स्पंजात राहतात. नव्या टाकीत त्यांची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आजींनी ती एका रविवारी क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊन काढली.

त्यात आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, पीएच आठच्या घरात. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा खरा विषारी भाग जवळपास नऊ-दहा पट होतो. म्हणून पुण्यातल्या भावानं सांगितलेला उपाय मिरजेत चालेलच असं नाही.

आजींना मी औषधाची बाटली दिलीच नाही. सांगितलं, आज एक तृतीयांश पाणी बदला, उद्या पुन्हा तेवढंच. नव्या पाण्यात क्लोरीन मारायचे थेंब टाका. पूर्वी यासाठी आम्ही फोटो स्टुडिओतून हायपो आणायचो, वस्तू तीच. पावसाळ्यात नळाला टीसीएल पावडरचा वास यायला लागला की हे थेंब विसरून चालत नाही. दोन दिवस खायला घालू नका, हवेचा पंप चालू ठेवा. वापरात असलेल्या माझ्या एका टाकीतला मळका स्पंज पिशवीत बांधून दिला. "हा धुवायचा नाही," म्हटल्यावर आजींनी नाक मुरडलं, पण नेला. एरवीचा नियम सोपा आहे. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, आणि स्पंज घाण झालाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. सगळी टाकी एकाच दिवशी कधीही धुवायची नाही.

वहीतला मला सर्वांत उपयोगी पडणारा रकाना म्हणजे "एक की सगळे". सगळे मासे एकाच वेळी बेचैन झाले, वर येऊन हवा घ्यायला लागले, तर बहुतेक वेळा दोष पाण्यात असतो. आज एक, तीन दिवसांनी दुसरा, आठवड्यानं चौथा असं चाललं असेल तर लागण. एकच जण कोपऱ्यात पंख मिटून बसलाय आणि बाकीचे मजेत आहेत, तर आधी बघायचं की त्याला कुणी मारतंय का. दिवे घालवून लांब बसायचं आणि दहा मिनिटं नुसतं बघायचं. माणूस काचेजवळ गेला की सगळेच मासे खायच्या आशेनं शहाण्यासारखे वागतात.

दुसरा मोलाचा रकाना "काय बदललं". याचं पहिलं उत्तर नेहमी "काही नाही" असं येतं. एका दातांच्या दवाखान्यात वेटिंग रूमची तीन फुटी टाकी मी सांभाळते. एके सोमवारी सकाळी फोन आला, सगळे मासे उलटे झालेत. मी गेले. पाणी तपासलं, अमोनिया शून्य. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, काय बदललं? काही नाही. खायला कुणी घातलं? नाही. रंगकाम? नाही. लादी कशानं पुसली? नेहमीच्याच फिनेलनं. मग ती जाता जाता म्हणाली, "झुरळांची फवारणी तेवढी झाली शनिवारी, पण टाकीवर आम्ही चादर टाकली होती."

चादर टाकली होती, पण हवेचा पंप टेबलाखाली चालू होता. पंप खोलीतली हवा ओढतो आणि बुडबुड्यांतून पाण्यात सोडतो. म्हणजे रात्रभर कीटकनाशकाची हवा त्यानं टाकीत भरली. झुरळांच्या फवाऱ्यात असतात ती पायरेथ्रॉइड माणसाला फारशी बाधत नसली तरी माशांना भयंकर. फवारणी करायची असेल तर पंप बंद करून, टाकी नीट झाकून करायची, आणि खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच पंप लावायचा. मच्छरांच्या मशीनचंही तेच, टाकीच्या खोलीत नको.

२०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरानंतरची पानंही वहीत आहेत. वीज गेली, फिल्टर बंद पडले. बंद फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूवाचून मरतात आणि आतलं पाणी कुजतं. वीज आल्यावर ज्यांनी आनंदानं बटण दाबलं, त्यांच्या टाकीत ते सगळं एका मिनिटात उतरलं. ज्यांनी आधी फिल्टर उघडून ते पाणी ओतून दिलं, त्यांचे मासे राहिले. पूर ओसरल्यावर मासे कशानं मेले, याचं उत्तर "वीज आली म्हणून" असंही असू शकतं.

आता खऱ्या रोगांबद्दल. सर्वांत जास्त येतो तो व्हाइट स्पॉट, आणि त्यानंच मला सर्वांत महागात शिकवलं. दुकानाचं दुसरं वर्ष, डिसेंबर महिना. रात्री थंडी, दुपारी ऊन, टाक्यांना हीटर नाहीत. काळ्या मोलीच्या अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसले. मासे खड्यांवर अंग घासायला लागले. मी हिरव्या औषधाचं एक झाकण टाकलं, दुसऱ्या दिवशी आणखी एक. चौथ्या दिवशी ठिपके गायब. मी खुशीत औषध थांबवलं आणि ती टाकी विक्रीला काढली. आठव्या दिवशी सकाळी शटर उघडलं, तर सगळे मासे तळायला रव्यात घोळल्यासारखे. सत्तरएक गेले. ज्यांना आधीच विकले होते, त्यांच्याही टाक्या गेल्या, ते वेगळंच.

चूक माझ्या अडाणीपणाची होती. या परजीवीचं शास्त्रीय नाव इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस. पहिल्या शब्दाचा अर्थ माशाची ऊ आणि दुसऱ्याचा पुष्कळ लेकरांची. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या कातडीच्या आत बसलेला असतो, तिथे औषध पोचत नाही. पिकला की गळून तळाला जातो, भोवती कवच करतो आणि आत फुटत फुटत शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्लं होतात. ती बाहेर पडून मासा शोधत पोहतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहत्या पिल्लांना. म्हणजे चौथ्या दिवशी ठिपके गेले ते बरे होऊन गेले नव्हते, बाळंतपणाला गेले होते.

म्हणून आता मी गिऱ्हाइकाला कॅलेंडरवर तारखा लिहून देते. औषध दहा ते चौदा दिवस, आणि शेवटचा ठिपका गेल्यावर पुढे आठवडाभर. उष्ण पाण्यातले मासे असतील तर हीटरनं पाणी हळूहळू ३० अंशांवर न्यायचं, दिवसाला दोन अंश या बेतानं. उबेत परजीवीचं चक्र लवकर फिरतं आणि तो लवकर औषधाच्या तावडीत येतो. मात्र कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचा पंप वाढवायचा. तळ रोज सायफननं ओढून घ्यायचा. हिरव्या औषधात बहुधा मॅलाकाइट ग्रीन असतं. ते उघड्या हातानं हाताळू नये, आणि लोच, कॅटफिश अशा बिनखवल्याच्या माशांना ते सोसत नाही, त्यांना कमी मात्रा.

"मात्रा" या शब्दापाशी लोक सर्वांत जास्त चुकतात. झाकणभर म्हणजे किती, आणि कितीशा पाण्यात? लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करून हजारानं भागा, लिटर मिळतात. दोन फूट बाय एक बाय एक ही टाकी कागदावर ५६ लिटरची. खडे आणि वरची रिकामी जागा वजा करता पाणी ४५ लिटरच्या आसपास. ५६ चा हिशेब धरला तर मासा जवळपास सव्वापट औषधात पोहतो. फिल्टरमध्ये काळा कार्बन असेल तर तो आधी काढा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. खडेमीठ हा जुना आणि चांगला उपाय. लिटरला एक ग्रॅम म्हणजे सौम्य, तीन ग्रॅम म्हणजे कडक, पण झाडं आणि कॅटफिश यांना कडक सोसत नाही. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच नवं मीठ घालायचं.

माझी दुसरी चूक जास्त लाजिरवाणी आहे, कारण ती शिकल्यानंतरची. एक कॉलेजचा मुलगा आला. म्हणाला, गप्पीच्या तोंडाला कापूस लागलाय. मी कामात होते. "फंगस असेल, निळं औषध टाक आणि हीटर वाढव," असं सांगून टाकलं. दोन दिवसांत त्याच्या चौदा गप्पी गेल्या. तो फंगस नव्हता. कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूचा रोग होता, दिसायला कापसासारखा आणि उबेत आणखी पेटणारा. मी आगीत तूप ओतलं होतं.

तेव्हापासून भिंग घेऊन बघते. खरी बुरशी लांब, मऊ, धाग्यांसारखी असते. ती बहुतेक वेळा जुन्या जखमेवर येते आणि हळू पसरते. कॉलम्नॅरिस आखूड, करडा-पांढरा, ओठांवर बसलेला किंवा पाठीवर खोगीर घातल्यासारखा, आणि एका दिवसात वाढलेला दिसतो. बुरशीला निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, पण वेगळ्या टबात. मुख्य टाकीत ते फिल्टरचे जिवाणू मारतं आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे करतं. कॉलम्नॅरिसला जिवाणूंवरचं औषध लागतं, पाणी गार ठेवावं लागतं, आणि वेळ फार थोडा असतो. इथे एक विनंती. मिरजेत पावला-पावलावर मेडिकल आहे म्हणून घरातली टेट्रासायक्लीनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकू नका. जड पाण्यातलं कॅल्शियम तिला बांधून टाकतं, माशाला फायदा थोडा, आणि फिल्टरचं नुकसान मात्र होऊ शकतं.

एका लक्षणापुढे मी अजूनही हात टेकते. मासा फुगतो, आणि वरून बघितलं तर खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिलेले. याला ड्रॉप्सी म्हणतात, पण तो रोग नाही. मूत्रपिंडं थकून शरीरात पाणी साठलं, एवढंच ते चिन्ह सांगतं. खवले उभे राहिल्यावर बहुतेक मासे वाचत नाहीत. मी हे स्पष्ट सांगते.

फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना यांच्या बाबतीत मात्र माझ्या बोलण्यावर कुणी थांबत नाही. वास्तूसाठी घेतलेला मासा मेला की घरात सांगतात, घरावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं. मग हळहळतात, हात जोडतात, आणि पंधरा दिवसांत त्याच टाकीत, त्याच पाण्यात नवा मासा सोडतात. एका घरातून असे तीन अरोवाना गेले. चौथ्या वेळी मी मासा न देता पाणी मागवून घेतलं. नायट्रेटच्या किटचा रंग शेवटच्या खान्यापर्यंत लाल झाला. कित्येक महिने कुणी पाणी बदललंच नव्हतं, "पवित्र टाकी" म्हणून. श्रद्धेबद्दल मी काही म्हणत नाही. पण संकट मासा घेतो असं म्हटलं की कारण शोधायची गरजच उरत नाही, आणि पुढचा मासा त्याच कारणानं मरतो.

लागण टाकीत येते ती बहुतेकदा नव्या माशाबरोबर. म्हणून नवा मासा, माझ्या दुकानातला असला तरी, किमान पंधरा दिवस वेगळा ठेवा. वीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा, एवढ्यात काम भागतं. आजारी पडला तर तोच टब दवाखाना. खडे टाकू नका, म्हणजे तळ दिसतो आणि औषधाचा हिशेब चुकत नाही. आणि नको झालेला किंवा आजारी मासा नदी-तलावात सोडू नका. असे सोडलेले सकर मासे आज देशातल्या कितीतरी तलावांत आणि नद्यांत जाळी भरून निघतात.

शेवटी माझाच केसपेपर. काही वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या बोटावर एक लालसर गाठ आली. दुखत नव्हती, पण बरीही होत नव्हती. दोन ठिकाणी दाखवलं. मलम दिलं, गोळ्या दिल्या. तीन महिने गेले, मनगटाकडे आणखी दोन गाठी चढल्या. तिसऱ्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी हात हातात घेण्याआधी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

मी सांगितलं, आणि त्या सरळ बसल्या. मायकोबॅक्टेरियम मरिनम. टीबीच्या जिवाणूचा भाऊबंद. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांमध्ये तो सापडला होता. टाकीच्या पाण्यातून माणसाच्या कातडीतल्या बारीक चिरेत शिरतो. मी औषधं चार महिने घेतली, गाठी गेल्या. तेव्हापासून हाताला खरचटलं असेल तर मी हातमोज्याशिवाय टाकीत हात घालत नाही, तोंडानं सायफन ओढत नाही, आणि काम झालं की साबणानं कोपरापर्यंत हात धुते. तुमच्या घरी टाकी असेल आणि बोटावरची जखम भरत नसेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, घरी मासे आहेत.

आजींचा गोल्डफिश वाचला. परवा त्या पुन्हा आल्या, या वेळी डबा नव्हता. पिशवीतून त्यांनी पाण्याची एक बाटली काढून काउंटरवर ठेवली. वर चिठ्ठी डकवलेली, तारीख आणि "स्पंज पिळला नाही" एवढंच लिहिलेलं. थेंब टाकले, पाणी पिवळं राहिलं.

तुम्हीही तसंच करा. मासा पिशवीत घालून उन्हातून हिंडवू नका. साबण न लागलेल्या स्वच्छ बाटलीत टाकीतलं पाणी आणा, आणि गेल्या पंधरा दिवसांत घरात काय काय बदललं ते कागदावर लिहून आणा. औषध लागेल की नाही, ते आपण त्यानंतर बघू.